वाट वाकडी करून

परवा आईला विचारलं, "मला पाचवीला कुठल्या शाळेत घालायचं हे ठरवायला तुम्हाला किती दिवस लागले होते गं?"

आई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ठरवायचं काय होतं त्यात? वाड्यातली सगळी पोरं जायची तिथे तूही गेलास. पहिल्या दिवशी हे ऑफिसला जाताना तुला सोडून गेले आणि संध्याकाळी तुला न घेताच घरी आले. मी आठवण केली तेव्हा परत गेले."

म्हणजे माझी शाळा एका सकाळी ठरली आणि संध्याकाळपर्यंत विसरूनही झाली. त्यानं माझं काही बिघडलं नाही असं माझं मत आहे. बायकोचं मत वेगळं आहे, पण तो विषय निराळा.

कन्या आता चौथीत आहे आणि तिची गल्लीतली शाळा चौथीपर्यंतच आहे. पाचवीपासून हायस्कूल. त्यामुळे गेल्या दिवाळीपासून आमच्या घरात दुसरं काही बोललं जात नाही. गावातली शाळा की इथली शाळा? 'गावातली' म्हणजे पुण्यातली, पेठेतली. 'इथली' म्हणजे वाकडमधली. वाकड 1997 साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेलं, तोवर ते खरोखरचं गाव होतं. आता तिथल्या टॉवरात राहणारे आम्ही पुण्याला निघालो की 'जरा गावात जाऊन येतो' म्हणतो. वाकडच्या मूळ गावकऱ्यांना हे अजून पचलेलं नाही. एकदा दूधवाल्यानं मला विचारलंही, "कुठलं गाव तुमचं?" मी म्हटलं, "सदाशिव पेठ." तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.

माझा कौल अर्थातच पेठेला. मी स्वतः तिथल्या एका जुन्या शाळेत शिकलोय. शाळेचा दगडी जिना, घंटेचा आवाज, सुट्टीत गेटबाहेरच्या गाडीवरचे तिखट-मीठ लावलेले पेरू, हे सगळं माझ्या मुलीला मिळावं असं मला वाटतं. बायको सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. ती म्हणते, "आमच्या गावात हायस्कूल एक. त्यात जायचं की घरी बसायचं, एवढीच निवड. आणि मुलींच्या बाबतीत तीसुद्धा दुसरंच कुणी तरी करायचं." ह्यावर बोलण्यासारखं काही नसतं, म्हणून मी चहा ठेवायला उठतो.

आता शाळांच्या नावांचंच घ्या. पुण्यात 1880 साली चिपळूणकर-टिळकांनी जी शाळा काढली तिचं नाव न्यू इंग्लिश स्कूल. गेली एकशे चाळीसहून अधिक वर्षं ती 'न्यू'च आहे. त्यानंतर 1883 साली निघालं ते नूतन मराठी विद्यालय. तेही अजून नूतनच. शिवाय मॉडर्न हायस्कूल आहे. म्हणजे गावात जे जे जुनं त्याला नवं म्हणायची पद्धत आहे. आमच्या उपनगरात नेमकं उलटं. पाच वर्षांपूर्वी जिथं ज्वारी डोलत होती तिथं आज काचेची इमारत उभी आहे, आणि अशा इमारतींच्या पाट्यांवर 'हेरिटेज', 'गुरुकुल', 'वैदिक' असे शब्द असतात. गुरुकुलात मध्यवर्ती वातानुकूलन आहे. नाव वाचून शाळेचं वय ओळखायचं असेल तर पुण्यात उलटं वाचावं, इतकं मी ह्या सहा महिन्यांत शिकलो.

आमच्या आईचा मामला आणखी वेगळा. ती नारायण पेठेत जन्मली, शेजारच्याच पेठेत सासरी गेली, आणि तिच्या लेखी लकडी पुलापाशी पुणं संपतं. वाडा बिल्डरकडे गेला तेव्हा ती आमच्याकडे वाकडला 'तात्पुरती' राहायला आली. त्याला नऊ वर्षं झाली. शाळेचा विषय निघाला की ती म्हणते, "उपनगरातली शाळा म्हणजे शेवटी उपनगरातलीच रे."

मी एकदा तिला इतिहास सांगायला गेलो. म्हटलं, आई, मूळ पुणं म्हणजे कसबा. सदाशिवरावभाऊंच्या नावाची ही आपली पेठ पेशवाईत नंतर वसली. कसब्यातल्या माणसाच्या लेखी सदाशिव पेठ हे उपनगरच. आणि फर्ग्युसन कॉलेज घे. 1885 साली गावात सुरू झालं आणि दहा वर्षांत नदीपलीकडच्या माळावर गेलं. तेव्हाही एखादी आई म्हणाली असेलच, इतक्या लांब पोराला कसं पाठवायचं?

आईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे तू शाळेत शिकलास ना? कुठल्या?"

बायको त्या दिवशी आतून हसली. तिच्या बाजूनं मांडलेल्या मुद्द्यावर आईनं माझ्या बाजूचा गोल केला होता. घरात तीन माणसं असली की असं होतं.

तर आधी इथली शाळा पाहायला गेलो. गेटवर नोंद, मोबाइल नंबर, फोटो. आत गेल्यावर गार हवा आणि कॉफीचं यंत्र. मुख्याध्यापक भेटतील अशी माझी समजूत होती. भेटल्या त्या 'अॅडमिशन काउन्सेलर'. शाळेत प्रवेश घेण्यासाठी समुपदेशन लागतं ही गोष्ट मला आधी विनोदी वाटली, फीचा तक्ता पाहिल्यावर वाटेनाशी झाली.

"इंटरॅक्शन सॅटर्डेला राहील," त्या म्हणाल्या.

"म्हणजे मुलाखत?"

"नाही नाही सर, इंटरव्ह्यू नसतो. जस्ट इंटरॅक्शन."

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं प्रवेशासाठी मुलांची किंवा पालकांची चाळणी लावायला मनाई केली आहे. तेव्हापासून मुलाखती बंद झाल्या आणि इंटरॅक्शन सुरू झालं. इंटरॅक्शनमध्ये आम्हाला विचारलं, तुमच्या मुलीकडून तुमच्या काय अपेक्षा आहेत? मी म्हटलं, जेवताना पुस्तक बाजूला ठेवावं. बायकोनं टेबलाखालून पाय मारला आणि 'हॉलिस्टिक' हा शब्द असलेलं एक वाक्य बोलली. ते आदल्या रात्री तिला बी-702 वालीनं सांगितलं होतं. आमच्या सोसायटीत माणसांना नावं नसतात, फ्लॅट असतात. वाड्यात माणसाला एक नाव आणि किमान दोन टोपणनावं असायची.

मी विचारलं, "मराठी असतं ना?"

"मराठी ऑल्सो आहे सर. कम्पल्सरी आहे ना आता." जीएसटी वेगळा लागेल हे सांगताना दुकानदाराचा आवाज जसा होतो, तसा त्यांचा आवाज झाला. कायदा 2020 चा आहे, पहिली ते दहावी सगळ्या बोर्डांच्या शाळांना मराठी सक्तीची. चौथीतली कन्या तेवढ्यात आजीनं शिकवलेलं रामरक्षेतलं काही तरी पुटपुटत होती. काउन्सेलरबाईंनी कौतुकानं विचारलं, "ओ, स्पॅनिश?"

मग शाळा दाखवली. पोहण्याचा तलाव, रोबोटिक्सची खोली, आणि मागे छोटंसं रिंगण करून दोन घोडे. घोडेस्वारीची फी वेगळी. ते घोडे पाहून मला लक्ष्मी रस्त्यावरची हुजूरपागा आठवली. 1884 साली सुरू झालेली ही मुलींची शाळा पेशव्यांच्या घोड्यांची पागा होती त्या जागेवर आहे. तेव्हाच्या सुधारकांनी घोड्यांच्या जागी मुलींना आणलं, त्यासाठी गावाचे शिव्याशाप खाल्ले. आता सव्वाशेहून अधिक वर्षांनी आम्ही पैसे भरून शाळेत परत घोडे आणतोय. न्यायमूर्ती रानडे, मोडक, भांडारकर ही माणसं हे बघून काय म्हणाली असती ते राहू द्या. माझी मुलगी म्हणाली, "बाबा, घोड्याला वास येतो."

पुढच्या आठवड्यात पेठेतली शाळा. माझी शाळा.

कार्यालयाची खिडकी बंद होती. बाजूला पाटी : 'चौकशीची वेळ 11 ते 1. वेळेआधी चौकशी करू नये. वेळेनंतरही करू नये.' मला गहिवरून आलं. अकराला खिडकी उघडली. आतल्या गृहस्थांनी चष्म्यावरून पाहिलं.

"काय काम?"

"पाचवीला प्रवेश हवाय. मुलीसाठी. मी स्वतः ह्याच शाळेचा."

"बॅच?"

"ब्याण्णवची दहावी."

"जनरल रजिस्टर नंबर?"

तो कुणाला पाठ असतो? पण शाळा सोडल्याचा दाखला मी बरोबर आणला होता. त्यांनी तो उजेडाला धरून वाचला. वर्तन : चांगले. अभ्यासातील प्रगती : बरी. 'बरी' ह्या शब्दावर ते जरा जास्तच थांबले. मग विचारलं, "राहता कुठे?"

"वाकडला."

"मग इथे कशाला?"

ह्या प्रश्नाला उत्तर देण्याची माझी तयारी नव्हती. दगडी जिन्यासाठी, असं खिडकीतून सांगता येत नाही.

माझ्या वेळी पाचवीच्या 'अ' पासून 'ह' पर्यंत तुकड्या होत्या आणि एकेका बाकावर तिघं बसत. आता तुकड्या तीन. पर्यवेक्षक बाई भेटल्या, फार मनापासून बोलल्या. गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून, सेमी इंग्रजी. शिष्यवृत्तीची तयारी, शाळेचं ढोलपथक, मैदानावर खोखो. फी ऐकून मी दोनदा विचारलं, वर्षाची ना? त्या म्हणाल्या, वर्षाचीच. पेठेत आता मुलंच राहिली नाहीत, त्या सांगत होत्या. वाडे पडले, इमारती झाल्या, पण त्यांत ऑफिसं आली नाही तर आजी-आजोबा राहिले. शाळेतली निम्मी मुलं धायरी, सिंहगड रस्ता, कोथरूडकडून येतात.

"तुम्ही जवळच राहता का?" बायकोनं विचारलं.

"छे हो, मीही तुमच्याच बाजूची. रहाटणीला."

"मग तुमची मुलं इथेच असतील?"

बाई दोन क्षण थांबल्या. "नाही, मुलगा तिकडेच आहे. घोडे आहेत बघा, ती शाळा."

खाली उतरताना बायको काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मुद्दा तिचा असतो. गाडीत बसल्यावर मात्र म्हणाली, "तुला मुलीला शाळेत घालायचं नाहीये. तुला परत शाळेत जायचंय."

खरं सांगायचं तर मी त्याच वेळी पेरूची गाडी दिसते का ते बघत होतो. ती नव्हती. तिच्या जागी मोमो होते.

भाषेचा प्रश्न मला वाटला होता त्याहून बिकट निघाला. त्याच आठवड्यात कन्येला गृहपाठात अडलं. मी मोठ्या उत्साहानं बसलो आणि म्हटलं, "सोपं आहे, लसावि काढ." ती म्हणाली, "काय काढू?" मी म्हटलं, "लघुतम साधारण विभाज्य." तिनं आजीला हाक मारली, बाबांना काही तरी होतंय. तिचा एलसीएम आणि माझा लसावि हे एकच आहेत हे सिद्ध करण्यात पाऊण तास गेला. मग मी तिला म्हटलं, "त्रेसष्ट भागिले नऊ," तर म्हणाली, "त्रेसष्ट म्हणजे सिक्स्टी थ्री की थर्टी सिक्स?" 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात बावीसच्या जोडीला 'वीस दोन' आलं, तेव्हा मीही चारचौघांत संतापलो होतो. विधिमंडळातही त्यावर कोट्या झाल्या. त्या रात्री मला 'साठ तीन' फारच सोयीचं वाटलं. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

मी तरीही हटलो नाही. म्हटलं, अंतराचा बाऊ नको, प्रयोग करून पाहू. एक दिवस कन्येला सुट्टी होती, मी रजा टाकली. शाळेच्या वेळेनुसार घरून निघायचं, शाळेच्या दारात थांबायचं, शाळा सुटायच्या वेळी परत फिरायचं. सकाळी अकराला निघालो. औंध, विद्यापीठ, फर्ग्युसन रस्ता, डेक्कन. पन्नास मिनिटांत शाळेच्या दारात. मी बायकोला विजयी मेसेज टाकला. तिनं अंगठाही पाठवला नाही.

मधल्या वेळात अप्पा बळवंत चौकात पुस्तकं पाहिली, तुळशीबागेत आईसाठी समया पाहिल्या. साडेपाचला परत निघालो.

विद्यापीठ चौकाबद्दल पुणेकरांना काही सांगण्यात अर्थ नाही आणि बाहेरच्यांना सांगून पटणार नाही. तिथला उड्डाणपूल मेट्रोसाठी 2020 साली पाडला. तेव्हापासून तिथे काय काय बांधलं गेलं हे मी त्या संध्याकाळी फार जवळून आणि फार सावकाश पाहिलं. कन्येनं डबा खाल्ला, गोष्टीचं पुस्तक संपवलं, झोपली. उठली तेव्हा आम्ही तिथेच होतो.

"बाबा, आपण अजून विद्यापीठातच?"

शाळेत प्रवेश होण्याआधी मुलीची विद्यापीठात इतकी हजेरी लागली, असं दुसरं उदाहरण नसावं. घरी पोचलो तेव्हा साडेसात वाजून गेले होते. बायकोनं दार उघडलं आणि फक्त "हातपाय धुवा" म्हणाली. मेट्रोचं मी काढणार होतो, मंडईपर्यंत ती आता जातेच. पण आमच्या घरून तिचं स्टेशन गाठायलाच आधी रिक्षा लागते, आणि नऊ वर्षांच्या पोरीला रोज कोण सोडणार हा प्रश्न उरतो. म्हणून नाही काढलं. मधला मार्ग म्हणून गावातल्या संस्थांच्या इकडच्या शाखांचाही विचार झाला. ज्ञान प्रबोधिनी निगडीत आहे, मॉडर्न निगडीत आहे. म्हणजे पोरं गावात जात नाहीत म्हणून शाळाच गाव सोडून पोरांच्या मागे निघाल्या. पण वाकडहून निगडी म्हणजे पुन्हा हायवे.

शेवटी निकाल लागला तो व्हॅनकाकांमुळे. आमच्या भागातल्या चार शाळांची पोरं एकाच गाडीत घालून ते गेली बारा वर्षं नेतायत. शाळांबद्दल इतकी निःपक्षपाती माहिती शिक्षण खात्याकडेही नसेल. मी त्यांना गाठून विचारलं.

"पेठेत? सर, आपली गाडी औंधच्या पुढं नाही. डिझेल, ट्रॅफिक, परवडत नाही."

"बरं, मग इथल्यांतली चांगली कुठली?"

त्यांनी तंबाखू बाजूला ठेवली. "हे बघा, ती घोड्यावाली. पोरं गेटवर पहिलीच येतात, पण डबा खात नाहीत. परत जाताना माझ्या गाडीत खातात, शेव सगळी सीटवर. पुलाजवळची जी आहे तिथली पोरं अभ्यासू. गाडीतही अभ्यास करतात. बोलतच नाहीत, मला भीती वाटते त्यांची. तिसरीची पोरं इंग्लिशमधून भांडतात आणि मराठीतून शिव्या देतात."

"आणि चौथी?"

"चौथीचं गेट उघडायला वॉचमन उशीर करतो. त्या शाळेत घालू नका."

आमच्याकडच्या एका गृहस्थांनी, ए-1104, दोन वर्षं एक्सेल शीट भरून शाळा निवडली. बोर्ड, शिक्षक-विद्यार्थी प्रमाण, दहावीचा निकाल, सगळ्याला गुण देऊन. त्यांची मुलगी आता अकरावीत आहे. ती ज्या क्लासला जाते तिथेच पेठेतल्या सेमीवाल्या शाळेतला मुलगा तिच्या शेजारी बसतो, आणि क्लासवाले दोघांनाही सारखंच ओरडतात.

कन्येला आम्ही शेवटी विचारलं. खरं तर आधी विचारायला हवं होतं. तिनं दोन्ही शाळांत एकच गोष्ट नीट पाहिली होती. काउन्सेलर रोबोट दाखवत होत्या तेव्हा, आणि पर्यवेक्षक बाई ढोलपथकाबद्दल सांगत होत्या तेव्हाही, ती 'जाऊन येते' म्हणून गेली होती.

"तिकडच्या बाथरूमला कडी नव्हती," ती म्हणाली. "इकडे आहे. आणि साबण आहे."

सहा महिन्यांच्या चर्चेत बाथरूमचं नाव आमच्यापैकी कुणीच काढलं नव्हतं. आई म्हणाली, "बरोबर आहे पोरीचं. आमच्या शाळेत तर दिवसभर पाणीच पीत नसू आम्ही." मी आईकडे पाहिलं. हे तिनं पेठेच्या बाजूनं बोलताना कधी सांगितलं नव्हतं.

पहिला हप्ता भरला. घोडेस्वारी घेतली नाही. आईनं कन्येला रोज संध्याकाळी पाढे शिकवायचे असं ठरलंय, त्रेसष्टपासून सुरुवात आहे. माझा दाखला कपाटात परत ठेवला.

शाळा घरापासून अडीच किलोमीटरवर आहे. शाळेची बस सोसायटी-सोसायटीला थांबत जाते, त्यामुळे पन्नास मिनिटं लागतात, मला पेठेत पोचायला लागली होती तेवढीच. सकाळी सहा चाळीसला खाली उभं राहावं लागेल. चालत गेलं तर पस्तीस मिनिटांत पोचता येईल, पण तिथे फूटपाथ नाही.